गेमिंग ग्रुपमधल्या पोलवर किती विश्वास ठेवायचा? चॅट मॉडरेशनच्या मतदानाची संपूर्ण माहिती

तुम्ही बीजीएमआय, व्हॅलोरंट, माइनक्राफ्ट किंवा दुसरा कुठलाही ऑनलाइन गेम खेळत असाल, तर एखाद्या डिस्कॉर्ड सर्व्हरवर, टेलिग्राम ग्रुपमध्ये नाहीतर क्लॅनच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तुम्ही असणारच. अशा ठिकाणी अधूनमधून एक पोल येऊन पडतो. "शिव्यांचा फिल्टर काढायचा का?" "व्हॉइस चॅटला मॉडरेटर हवा का?" "अमक्याचा बॅन उठवायचा का?" दोन दिवसांनी ॲडमिन सांगतो, ७० टक्के लोकांना फिल्टर नकोय, विषय संपला.

विषय खरंच संपतो का? फिल्टर गेला की त्याचा त्रास ज्याला होणार, त्याने त्या पोलमध्ये मत दिलं होतं का, हे कोणी बघतच नाही. चॅटमध्ये कोणी टिकायचं आणि कोणी गुपचूप निघून जायचं, हे अशा छोट्या पोलवरून ठरत असतं. म्हणून पोल कसा चालतो, त्याचा आकडा कसा वाचायचा आणि तो कुठे फसवतो, हे या लेखात सोप्या भाषेत समजून घेऊया.

चॅट मॉडरेशन म्हणजे काय?

चॅटमध्ये काय चालेल आणि काय चालणार नाही हे ठरवणं आणि ते पाळलं जातंय का ते बघणं, याला चॅट मॉडरेशन म्हणतात. हे साधारण तीन पातळ्यांवर होतं.

१) आपोआप होणारं मॉडरेशन: डिस्कॉर्डमध्ये ऑटोमॉड नावाची सोय २०२२ पासून आहे. ॲडमिनने दिलेल्या यादीतला शब्द मेसेजमध्ये आला, की मेसेज अडवला जातो किंवा मॉडरेटरला सूचना जाते. स्लो मोड लावला तर एका मेसेजनंतर दुसरा मेसेज टाकायला थांबावं लागतं.

२) माणसांनी केलेलं मॉडरेशन: मॉडरेटर मेसेज काढतो, म्यूट करतो, किक करतो किंवा बॅन करतो.

३) कंपनीचं मॉडरेशन: ग्रुपचे नियम काहीही असोत, डिस्कॉर्ड, टेलिग्राम, व्हॉट्सॲप किंवा गेम कंपनीचे स्वतःचे नियम त्याच्या वर असतात. ग्रुपने पोल घेऊन ते बदलता येत नाहीत.

मराठी ग्रुपची एक वेगळी अडचण आहे. आपण चॅटमध्ये मराठी बऱ्याचदा रोमन लिपीत लिहितो आणि एकाच शब्दाची चार जणांची चार स्पेलिंग असतात. त्यामुळे तयार फिल्टर बऱ्याच मराठी शिव्या सोडून देतो आणि कधीकधी साधा शब्द पकडतो. इंग्रजीतही हे झालेलं आहे. १९९६ मध्ये इंग्लंडमधल्या स्कन्थॉर्प गावच्या लोकांना एओएल या इंटरनेट कंपनीकडे खातं उघडता येईना, कारण गावाच्या नावात एक अपशब्द लपला होता आणि फिल्टर तेवढाच बघत होता. आजही अशा गोंधळाला स्कन्थॉर्प प्रॉब्लेम म्हणतात. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे पोलचा प्रश्न कसा विचारायचा तिथे तो परत लागणार आहे.

कुठल्या ॲपवर पोल कसा चालतो?

पोल सगळीकडे सारखा दिसतो, पण आतली पद्धत वेगळी असते. मत कोणाला दिसतं, यावर लोक काय मत देतात हेही अवलंबून असतं.

- डिस्कॉर्ड: पोलची सोय २०२४ मध्ये आली. जास्तीत जास्त १० पर्याय देता येतात. कोणी कशाला मत दिलं हे बाकीच्यांना बघता येतं, म्हणजे मतदान गुप्त नाही.
- व्हॉट्सॲप: १२ पर्यायांपर्यंत पोल टाकता येतो. इथेही नेहमीच्या ग्रुप पोलमध्ये कोणी कुठलं मत दिलं ते दिसतं आणि मत नंतर बदलता येतं.
- टेलिग्राम: ग्रुपमध्ये पोल गुप्त ठेवायचा की नावं दाखवायची, हे पोल टाकणारा ठरवतो.
- एक्स: ४ पर्याय आणि जास्तीत जास्त ७ दिवस. कोणी मत दिलं ते दिसत नाही.
- इन्स्टाग्राम स्टोरी: कोणी काय मत दिलं हे फक्त स्टोरी टाकणाऱ्याला दिसतं, बाकीच्यांना नाही.

नावं दिसत असतील तर क्लॅन लीडरच्या विरुद्ध मत द्यायला नवीन पोरगा कचरतो. उद्या स्क्वॉडमध्ये घेतलं नाही तर काय, ही भीती असते. नावं दिसत नसतील तर भीती जाते, पण बनावट खात्यांची मतं पकडणं अवघड होतं. दोन्ही पद्धतींना किंमत मोजावी लागते. त्यामुळे पोल बघितला की आधी विचारा, हे मतदान उघड आहे की गुप्त?

टक्केवारी कशी वाचायची? एक उदाहरण

समजा एका गेमिंग सर्व्हरवर ४,००० मेंबर आहेत. त्यातले ८०० जण आठवड्यातून एकदा तरी काहीतरी बोलतात किंवा व्हॉइसवर येतात. ॲडमिनने पोल टाकला: "शिव्यांचा फिल्टर काढायचा का?" एकूण २१२ मतं पडली. "काढा" म्हणणारे १४८, "ठेवा" म्हणणारे ६४.

१४८ भागिले २१२ केलं की ६९.८ येतात. ॲडमिन म्हणतो, ७० टक्के लोकांना फिल्टर नको. आता हेच १४८ वेगळ्या आकड्यांनी भागून बघा.

- मत देणाऱ्या २१२ पैकी: ७० टक्के
- ॲक्टिव्ह असणाऱ्या ८०० पैकी: १८.५ टक्के
- एकूण ४,००० मेंबरपैकी: ३.७ टक्के

तिन्ही आकडे गणिताने बरोबर आहेत. फरक एवढाच, की पहिला आकडा सांगितला तर "बहुतेकांचं मत" वाटतं आणि तिसरा सांगितला तर "मूठभरांचं मत" वाटतं. म्हणून टक्केवारी दिसली की "कशाच्या टक्के?" हा प्रश्न पहिला.

आता जे गप्प बसले त्यांचं काय? ॲक्टिव्ह ८०० पैकी ५८८ जणांनी मत दिलंच नाही. ते सगळे फिल्टरच्या बाजूने असतील तर "काढा" म्हणणारे फक्त १८.५ टक्के. ते सगळे फिल्टरच्या विरुद्ध असतील तर "काढा" म्हणणारे १४८ अधिक ५८८, म्हणजे ७३६, म्हणजे ९२ टक्के. खरं उत्तर या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी आहे. १८.५ ते ९२ इतकी मोठी फट असलेल्या पोलला "निकाल" म्हणणं जरा जास्तच होतं. हा हिशोब तुम्ही कुठल्याही पोलवर मोबाइलच्या कॅल्क्युलेटरने करू शकता.

मतं जास्त पडली म्हणजे निकाल खरा?

नाही. याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण १९३६ सालचं, अमेरिकेतलं आहे. लिटररी डायजेस्ट नावाच्या साप्ताहिकाने राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीआधी सुमारे १ कोटी लोकांना टपालाने मतपत्रिका पाठवल्या. त्यातल्या २० लाखांहून जास्त परत आल्या. इतक्या मतांवरून त्यांनी सांगितलं की आल्फ लँडन जिंकणार. प्रत्यक्षात फ्रँकलिन रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यांत जिंकले. त्याच वेळी जॉर्ज गॅलप यांनी कितीतरी कमी लोकांना विचारून रूझवेल्ट जिंकणार हे बरोबर सांगितलं होतं.

चूक कुठे झाली? पत्ते घेतले होते टेलिफोनच्या यादीतून आणि मोटारींच्या नोंदीतून. मंदीच्या त्या काळात फोन आणि मोटार असणारे लोक जास्त करून पैसेवाले होते. शिवाय ज्यांना बदल हवा होता त्यांनी उत्तर पाठवायची तसदी जास्त घेतली. साप्ताहिक पुढे दोन वर्षांत बंद पडलं.

गेमिंग ग्रुपमध्ये नेमकं हेच होतं. पोल ज्याला दिसला आणि ज्याला त्याबद्दल तावातावाने बोलायचंय, तो मत देतो. रात्री ११ वाजता टाकलेला आणि सकाळी ९ ला बंद केलेला पोल रात्री जागून खेळणाऱ्यांचाच असतो. दहावी-बारावीची परीक्षा चालू असताना टाकलेल्या पोलमध्ये अर्धी पोरं नसतातच.

सर्वेक्षणात "कमीजास्त ३ टक्के" असं लिहिलेलं तुम्ही वाचलं असेल. साधारण १,००० लोकांना विचारलं तर ३ टक्क्यांचा, ४०० लोकांना विचारलं तर ५ टक्क्यांचा आणि १०० लोकांना विचारलं तर १० टक्क्यांचा फरक धरतात. पण हा हिशोब फक्त तेव्हाच लागू होतो, जेव्हा लोक चिठ्ठ्या टाकल्यासारखे, कुठलीही आवडनिवड न करता निवडलेले असतात. जो आला त्याने मत दिलं, अशा पोलला हा हिशोब लावताच येत नाही, मग मतं दहा हजार असली तरी.

मत कोण देत नाही?

वेबसाइट लोक कशा वापरतात याचा अभ्यास करणारे जेकब नील्सन यांनी २००६ मध्ये एक ठोकताळा मांडला होता. ऑनलाइन समूहात साधारण ९० टक्के लोक फक्त बघतात, ९ टक्के अधूनमधून बोलतात आणि १ टक्का लोक बहुतेक सगळं बोलतात. प्रत्येक ग्रुपमध्ये आकडे तंतोतंत असेच निघतील असं नाही, पण चित्र ओळखीचं वाटतं ना? पोलमध्ये आवाज त्या बोलणाऱ्यांचाच जास्त.

यात तीन प्रकारचे लोक नेहमी सुटतात.

पहिले, आधीच निघून गेलेले. चॅटमधल्या शिव्यांना कंटाळून ज्याने सर्व्हर सोडला, त्याला पोल दिसणारच नाही. जे टिकले त्यांनाच विचारलं की "इथलं वातावरण कसं आहे?", तर "मस्त आहे" हेच उत्तर येणार.

दुसरे, माइक बंद ठेवणारे. आवाज ऐकला की कमेंट सुरू होतात म्हणून बऱ्याच मुली व्हॉइस चॅटवर बोलत नाहीत किंवा मुलगी आहोत हे कळू देत नाहीत. उघड पोलमध्ये "फिल्टर ठेवा" असं मत दिलं तर आपण ओळखू येऊ, म्हणून त्या मतही देत नाहीत. शाळेतली लहान मुलं, वेगळ्या बोलीमुळे किंवा जातीवरून टोमणे ऐकणारी मुलं यांचंही असंच होतं.

तिसरे, म्यूट किंवा बॅन झालेले. यातले काही जण खरोखर त्रास देणारे असतात, पण काहींवर अन्यायही झालेला असतो. "मॉडरेटर नीट काम करतात का?" या पोलमध्ये त्यांचं मत नसतंच.

एकच माणूस, दहा मतं

ॲपच्या दृष्टीने एक खातं म्हणजे एक मत. पण एका माणसाची चार खाती असू शकतात. यालाच गेमिंगमध्ये ऑल्ट म्हणतात. शिवाय "या लिंकवर जाऊन मत दे" असं दुसऱ्या ग्रुपमध्ये टाकलं, की ज्यांचा तुमच्या सर्व्हरशी काही संबंध नाही असे लोक येऊन मत देऊन जातात.

हे किती टोकाला जाऊ शकतं याची काही खरी उदाहरणं बघा.

- २००९ मध्ये अमेरिकेच्या टाइम मासिकाने जगातल्या प्रभावी व्यक्तींसाठी ऑनलाइन मतदान ठेवलं. फोरचॅन या साइटच्या वापरकर्त्यांनी आपोआप मतं टाकणारे प्रोग्रॅम चालवून आपल्या साइटच्या संस्थापकाला पहिल्या क्रमांकावर नेलं. एवढ्यावर ते थांबले नाहीत. पहिल्या २१ नावांची आद्याक्षरं जुळवून त्यातून त्यांच्या आपापसातल्या विनोदाचा संदेश तयार केला.
- २०१६ मध्ये ब्रिटनमध्ये एका संशोधन जहाजाला नाव सुचवायला लोकांना सांगितलं. गंमत म्हणून सुचवलेलं "बोटी मॅकबोटफेस" हे नाव सव्वा लाखाच्या आसपास मतं घेऊन पहिलं आलं. जहाजाला शेवटी सर डेव्हिड ॲटनबरो यांचं नाव दिलं आणि गमतीचं नाव जहाजावरच्या पाण्याखाली चालणाऱ्या यंत्राला दिलं. लोकांनी मत दिलं, पण गंभीरपणे दिलं नव्हतं.
- नोव्हेंबर २०२२ मध्ये इलॉन मस्क यांनी ट्विटरवर २४ तासांचा पोल टाकून विचारलं, डोनाल्ड ट्रम्प यांचं खातं परत सुरू करायचं का? दीड कोटीच्या आसपास मतं पडली, ५१.८ टक्के "हो" आली आणि खातं सुरू झालं. हा मॉडरेशनचाच निर्णय होता. पण ती मतं कोणाची, कुठल्या देशातली, त्यात बनावट खाती किती, हे मतदान गुप्त असल्याने बाहेरच्या कोणालाही तपासता येत नाही.

दीड कोटी मतांच्या पोलची ही गत असेल, तर २१२ मतांच्या पोलमध्ये ३० ऑल्ट घुसले तर काय होईल? आपल्या उदाहरणात "काढा"ची ३० मतं खोटी निघाली, तर उरतात १८२ पैकी ११८, म्हणजे ६५ टक्के. जिथे निकाल ५३ विरुद्ध ४७ असा असतो, तिथे तर एवढ्याने निकालच उलटतो.

प्रश्न कसा विचारला यावर उत्तर ठरतं

हे तीन प्रश्न वाचा.

१) "फालतू फिल्टरचा त्रास थांबवायचा का?"
२) "लहान मुलांसमोर शिव्या चालू द्यायच्या का?"
३) "शब्द अडवणारा फिल्टर सध्यासारखा ठेवायचा, बदलायचा की काढायचा?"

विषय एकच आहे. पहिल्याला बरेच जण "हो" म्हणतील, दुसऱ्याला बरेच जण "नाही" म्हणतील. पहिल्या दोन प्रश्नांत उत्तर आधीच कोंबलेलं आहे. तिसरा प्रश्न त्यातल्या त्यात सरळ आहे.

आता मघाचा स्कन्थॉर्पचा मुद्दा आठवा. "फिल्टर काढा" म्हणणाऱ्या सगळ्यांना शिव्या हव्या असतात असं नाही. काहींचा साधा मेसेज विनाकारण अडकलेला असतो आणि ते वैतागलेले असतात. त्यांना फिल्टर सुधारून हवाय. पण पर्याय दोनच दिले, "ठेवा" आणि "काढा", तर वैतागलेला माणूस "काढा" दाबून मोकळा होतो. मग शिव्या देणारे आणि फिल्टर सुधारा म्हणणारे एकाच रकान्यात मोजले जातात. पोलचा आकडा खरा असूनही त्याचा अर्थ चुकीचा काढला जातो, तो असा.

आणखी दोन गोष्टी बघा. एका प्रश्नात दोन प्रश्न आहेत का? "फिल्टर काढून मॉडरेटर वाढवायचे का?" यात एक हवं आणि एक नको असणाऱ्याने काय दाबायचं? आणि "मला फरक पडत नाही" हा पर्याय आहे का? तो नसेल तर फरक न पडणारे लोकही कुठल्यातरी बाजूला मोजले जातात.

मोठ्या गेम कंपन्या काय करतात?

लीग ऑफ लेजंड्स हा गेम बनवणाऱ्या रायट गेम्सने २०११ मध्ये ट्रिब्यूनल नावाची पद्धत आणली. एखाद्या खेळाडूविरुद्ध बऱ्याच तक्रारी आल्या, की त्याच्या सामन्यांतलं चॅट दुसऱ्या खेळाडूंना दाखवायचं आणि त्यांनी शिक्षा की माफी यावर मत द्यायचं. इथे मत देणाऱ्याला आधी पुरावा वाचायला मिळायचा, हे महत्त्वाचं. ही पद्धत २०१४ मध्ये बंद झाली.

त्याच कंपनीने ऑक्टोबर २०२१ मध्ये विरुद्ध टीमशी बोलायचं ऑल चॅट चाचणी म्हणून बंद केलं. त्याचा परिणाम मोजायला शिवीगाळीच्या तक्रारी आणि शिक्षांचं प्रमाण बघू, सोबत सर्वेक्षण आणि खेळाडूंच्या प्रतिक्रियाही बघू, असं त्यांनी सांगितलं. म्हणजे लोक काय म्हणतात आणि लोक प्रत्यक्षात कसं वागतात, दोन्ही मोजायचं ठरवलं.

पोल घेण्यात सगळ्यात पुढे आहे ओल्ड स्कूल रूनस्केप. २०१३ मध्ये हा गेम सुरू करायचा की नाही इथपासून खेळाडूंचं मत घेतलं गेलं. पुढे गेममध्ये नवीन काही आणायचं तर ७५ टक्के मतं लागायची, २०२२ मध्ये ही अट ७० टक्क्यांवर आणली. मत गेमच्या आत द्यायचं, मत देणारा पैसे भरणारा मेंबर हवा आणि त्याने काही प्रमाणात गेम खेळलेला हवा. त्यामुळे आत्ता बनवलेल्या खात्याला लगेच मत देता येत नाही. आणि काही गोष्टी कंपनी पोलवर टाकतच नाही. बग दुरुस्त करणं किंवा गेमचा समतोल वाचवणं यासाठी ती स्वतः निर्णय घेते.

तरीही तिथे एक तक्रार राहिलीच. स्वतः जो भाग खेळत नाही त्यातल्या नव्या गोष्टीला मुद्दाम विरोधी मत द्यायचं, याला तिथले खेळाडू स्पाइट व्होटिंग म्हणतात. मॉडरेशनच्या पोलमध्येही हे लागू होतं. ज्याला कोणी कधी त्रास दिला नाही, तो "मला काय अडचण नाही बुवा" म्हणून मत देतो आणि त्याचं मत त्रास सोसणाऱ्याच्या मताइतकंच मोजलं जातं.

कुठल्या गोष्टींवर पोल घ्यायचाच नाही?

ग्रुपचं नाव, इव्हेंटची वेळ, मीम चॅनल हवं की नको, स्लो मोड १० सेकंद की ३०, यावर खुशाल पोल घ्या. पण पुढच्या गोष्टी मतांवर सोडू नका.

- कोणाला मारायची किंवा बलात्काराची धमकी
- कोणाचा फोन नंबर, पत्ता, शाळा-कॉलेज किंवा खासगी फोटो टाकणं
- लहान मुलांशी अश्लील बोलणं किंवा तसे फोटो मागणं
- जात, धर्म, लिंग किंवा अपंगत्वावरून एखाद्याला लक्ष्य करणं

यावर ९० टक्के लोक "चालेल" म्हणाले तरी ते चालत नाही, कारण हे ॲपच्या नियमांत बसत नाही आणि यातल्या बऱ्याच गोष्टी कायद्याने गुन्हा आहेत. असं काही झालं तर आधी स्क्रीनशॉट घ्या, मग ॲपमध्ये रिपोर्ट करा आणि ब्लॉक करा. पुढची तक्रार राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर करता येते. १८ वर्षांखालच्या मुलांसाठी १०९८ ही चाइल्डलाइन आहे. तातडीचा धोका असेल तर ११२ वर फोन करा. ऑनलाइन पैशांची फसवणूक असेल तर नंबर १९३०.

एखाद्या माणसाच्या बॅनवर पोल घेणंही टाळा. ज्याचे मित्र जास्त तो सुटतो आणि ज्याने तक्रार केली त्याचं नाव सगळ्यांसमोर येतं. पुढच्या वेळी तक्रार करायला कोणी पुढे येत नाही.

पोल बघितला की या ८ गोष्टी तपासा

१) एकूण मतं किती आणि ग्रुपमध्ये ॲक्टिव्ह माणसं किती?
२) पोल किती वेळ चालू होता? दिवस कुठला, वेळ कुठली?
३) मतदान उघड होतं की गुप्त?
४) कोणत्या चॅनलवर टाकला होता? सगळ्यांना दिसत होता की ठरावीक रोल असणाऱ्यांनाच?
५) मत देणाऱ्यांत कालपरवा आलेली खाती किती? डिस्कॉर्डवर नावं दिसतात, त्यामुळे प्रोफाइल उघडून बघता येतं.
६) प्रश्न सरळ आहे की त्यात उत्तर दडलेलं आहे?
७) निर्णय कधी होणार आणि किती टक्क्यांना होणार, हे पोलच्या आधी सांगितलं होतं की निकाल बघून ठरवलं?
८) या निर्णयाचा त्रास ज्याला होईल, त्याला वेगळं विचारलं का?

यातल्या चारपाच गोष्टी समाधानकारक असतील तर पोलला वजन द्या. एकदोनच असतील तर तो पोल म्हणजे त्या रात्री ऑनलाइन असलेल्यांच्या गप्पा, एवढंच समजा.

तुम्ही ॲडमिन असाल तर काय कराल?

पोल बंद करायची गरज नाही. थोडी मेहनत घेतली तर तोच पोल कामाचा होतो.

पोल किमान ७ दिवस ठेवा आणि दोन वेगवेगळ्या वेळी आठवण करून द्या. किती टक्क्यांना काय होणार ते आधी लिहा. मत देण्यासाठी "सर्व्हरवर किमान ३० दिवस" अशी अट ठेवा आणि त्यासाठी वेगळा रोल द्या.

नाजूक विषय असेल तर उघड पोलऐवजी गुप्त फॉर्म वापरा. ॲक्टिव्ह मेंबरच्या यादीतून चिठ्ठ्या टाकल्यासारखे ५० जण निवडा आणि त्यांना वैयक्तिक मेसेज करून विचारा. उत्तर नाही आलं तर दोनदा आठवण करा. ५० पैकी ४० जणांनी उत्तर दिलं तरी १५ टक्क्यांपर्यंत फरक धरावा लागेल, म्हणजे बारीक निकाल सांगता येणार नाही. पण ७० विरुद्ध ३० असं चित्र खरं आहे की भास, एवढं नक्की कळेल.

आणि शक्य असेल तेव्हा चाचणी घ्या. दोन आठवडे नवीन नियम लावा. आधीच्या दोन आठवड्यांशी तुलना करा: तक्रारी किती आल्या, किती जणांना म्यूट करावं लागलं, किती जण सोडून गेले आणि किती वेगवेगळी माणसं बोलली. शेवटचा आकडा खास बघा. मेसेज वाढले पण बोलणारी माणसं कमी झाली, तर ग्रुप मोजक्या लोकांच्या ताब्यात चाललाय असं समजा. दोन आठवड्यांत एखादी स्पर्धा किंवा सुट्टी आली असेल तर तेही लक्षात घ्या.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

प्रश्न: मग ऑनलाइन पोल खोटेच असतात का?
उत्तर: नाही. "मत देणाऱ्या लोकांपैकी इतक्यांना हे हवंय" एवढं पोल खरं सांगतो. "सगळ्या ग्रुपला हे हवंय" असं म्हणायला मात्र जास्त पुरावा लागतो.

प्रश्न: मत दिलं नाही त्यांची चूक नाही का? मग त्यांचा विचार कशाला?
उत्तर: आळसामुळे मत न देणारे असतातच. पण काही जण भीतीमुळे देत नाहीत आणि काहींना पोल दिसतच नाही. कोण कुठल्या कारणाने गप्प आहे हे आकड्यावरून कळत नाही, म्हणून विचारावं लागतं.

प्रश्न: ॲडमिनने पोलचा निकाल मानला नाही तर ती हुकूमशाही आहे का?
उत्तर: निकाल मानू असं आधी सांगून नंतर फिरवलं तर लोकांचा विश्वास जातो. म्हणून पोल "सल्ल्यासाठी" आहे की "निर्णयासाठी", हे पोलच्या पहिल्याच ओळीत लिहिलेलं बरं.

प्रश्न: मला पोल चुकीचा वाटतोय, पण बोललो तर सगळे तुटून पडतील. काय करू?
उत्तर: भांडण न करता एकच प्रश्न विचारा: "एकूण ॲक्टिव्ह किती आणि मतं किती?" हा प्रश्न कोणाच्या बाजूचा नाही, त्यामुळे उत्तर द्यायला कोणाची हरकत नसते. उघड विचारायचं नसेल तर मॉडरेटरला वैयक्तिक मेसेज करा.

थोडक्यात सांगायचं तर

पुढच्या वेळी ग्रुपवर "७० टक्के लोकांचं म्हणणं आहे" असा मेसेज आला, तर कॅल्क्युलेटर उघडा आणि वरचा हिशोब करून बघा. गप्प बसलेल्यांना एकदा विचारून बघा. तुमच्या स्क्वॉडमधला जो हल्ली माइक लावत नाही किंवा चार दिवसांपासून ऑनलाइन दिसलेला नाही, त्याला मेसेज टाकून "काय रे, काय झालं?" असं विचारलंत, तर पोलमध्ये न आलेलं उत्तर कदाचित तिथेच मिळेल.

माहिती उपयोगी वाटली तर तुमच्या क्लॅनच्या ॲडमिनला हा लेख नक्की पाठवा.